फुप्फुसांची तपासणी आणि न येणारीं माणसें

शरीराचे कांहीं अवयव आपलें दुखणें आपण होऊन सांगतात. दांत किडला तर तो रात्रभर डोळ्याला डोळा लागूं देत नाहीं. तळपायांत कांटा मोडला तर पाऊल टाकवत नाहीं. फुप्फुसाला मात्र निसर्गानें ही वाचा दिलेली नाहीं. फुप्फुसाच्या गाभ्यांत वेदना जाणणारे तंतु जवळजवळ नसल्यामुळें तेथें सुपारीएवढी गांठ वाढली तरी माणूस जेवतो, झोंपतो, कामावर जातो. जिना चढतांना धाप लागली तर ती वाढत्या वयाच्या खातीं टाकतो, आणि खोकला आला तर तो सिगारेटच्या खातीं. गांठ फुप्फुसावरील आवरणाला जाऊन भिडली, मोठ्या श्वासनलिकेंत शिरली, अथवा तिचे कण हाडांत किंवा मेंदूंत जाऊन रुजले, म्हणजे मग दुखूं लागतें, थुंकींत रक्त दिसतें, वजन उतरतें; आणि बहुसंख्य रोगी डॉक्टरांच्या पायऱ्या चढतात ते त्या वेळीं.

फुप्फुसाचा कर्करोग इतका घातक कां, याचें उत्तर पुष्कळ अंशीं या मुकेपणांत आहे. २०२२ सालीं जगांत सुमारें २४ लक्ष ८० हजार माणसांना तो नव्यानें झाला, आणि सुमारें १८ लक्ष २० हजार माणसें त्यानें दगावलीं. दुसऱ्या कोणत्याही कर्करोगानें इतके बळी घेतले नाहींत. इंग्लंडांतील अनुभव असा आहे कीं, रोग पहिल्या अवस्थेंत सांपडला तर दर १०० रोग्यांपैकीं ६० हून अधिक पांच वर्षांनंतर हयात असतात. तोच चौथ्या अवस्थेंत सांपडला तर अवघे ५ च्या आसपास. रोग एकच, डॉक्टर तेच, औषधालय तेंच. फरक काय तो वेळेचा.

तेव्हां रोग बोलत नसेल तर तो बोलण्याची वाट न पाहतां आपण होऊन त्याचा शोध घ्यावा, ही कल्पना साहजिक आहे व ती जुनीही आहे. आरंभीं सारी भिस्त क्ष-किरणांच्या छायाचित्रावर होती. परंतु छातीचें साधें छायाचित्र म्हणजे बरगड्या, हृदय व रक्तवाहिन्या यांच्या एकावर एक पडलेल्या सांवल्या. त्यांच्या आड बारीक गांठ सहज लपते. अमेरिकेंत दीड लक्षांहून अधिक स्त्रीपुरुषांवर झालेल्या एका प्रयोगाचा निकाल २०११ सालीं बाहेर आला, आणि दरसाल असें छायाचित्र काढल्यानें या रोगाचे मृत्यु कमी होत नाहींत, हें त्यानें स्पष्ट केलें.

दरम्यान दुसरें एक यंत्र जगापुढें आलेलें होतें. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्यानें बनविलेल्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनच्या विंबल्डन भागांतील एका रुग्णालयांत पहिल्या रोग्याच्या मेंदूचें चित्र निघालें. हाउन्सफील्ड यांना व त्यामागचें गणित मांडणाऱ्या अॅलन कॉर्मॅक यांना १९७९ चें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. आज घरोघर ठाऊक असलेला सी. टी. स्कॅन तो हाच. काकडीच्या पातळ चकत्या कराव्या त्याप्रमाणें हें यंत्र शरीराच्या आडव्या चकत्यांचीं चित्रें काढतें, आणि त्यांत ज्वारीच्या दाण्याएवढी गांठही दिसते. निरोगी माणसाच्या तपासणीसाठीं किरणांची मात्रा मुद्दाम कमी ठेवितात. निसर्गतः वर्षभरांत प्रत्येकाच्या अंगावर जितके किरण पडतात त्यांच्या साधारण निम्मी. माणसानें पाठीवर निजावयाचें, हात डोक्याच्या बाजूला घ्यावयाचे, एक दीर्घ श्वास घेऊन तो कांहीं क्षण रोखून धरावयाचा; झाली तपासणी. सुई टोंचावी लागत नाहीं कीं औषध प्यावें लागत नाहीं.

पण दिसणें निराळें आणि वांचणें निराळें. येथें हिशेबाची एक फसगत होण्यासारखी आहे आणि ती चांगल्या शिकलेल्या माणसांचीही होते. समजा, दोन जुळ्या भावांना एकाच वेळीं एकाच प्रकारची गांठ झाली, व दोघेही वयाच्या ७० व्या वर्षीं तिनें मेले. पहिल्याचा रोग ६९ व्या वर्षीं खोकल्यावरून कळला, दुसऱ्याचा ६५ व्या वर्षीं यंत्रावरून. निदानानंतर पहिला एक वर्ष जगला आणि दुसरा पांच वर्षें. कागदावर दुसऱ्याचें आयुष्य पांचपट भरलें. वस्तुतः त्याच्या वांट्याला जास्त आली ती चार वर्षांची काळजी. म्हणून रोग कळल्यावर माणसें किती दिवस जगलीं यावरून तपासणीचें मोल ठरत नाहीं. तपासलेल्या व न तपासलेल्या अशा दोन सारख्या गटांत एकंदर मेले किती, हें मोजावें लागतें, आणि त्याला हजारों माणसें व पुष्कळ वर्षें लागतात.

तसें मोजण्याचें काम अमेरिकेंत झालें. २००२ ते २००४ या काळांत ५५ ते ७४ वर्षें वयाचीं ५३,४५४ माणसें प्रयोगांत घेण्यांत आलीं. प्रत्येकानें निदान ३० 'पेटी-वर्षें' धूम्रपान केलेलें होतें. वीस सिगारेटींची एक पेटी रोज, याप्रमाणें एक वर्ष ओढली म्हणजे एक पेटी-वर्ष होतें. रोज दोन पेट्या ओढणारा पंधरा वर्षांतच तीस गांठतो. चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें निम्म्यांच्या वांट्याला तीन वर्षें दरसाल सी. टी. स्कॅन आला, निम्म्यांच्या वांट्याला साधें छायाचित्र. २०११ सालीं निकाल लागला तो असा कीं, स्कॅन झालेल्या गटांत या कर्करोगाचे मृत्यु २० टक्क्यांनीं कमी झाले. निराळ्या शब्दांत सांगावयाचें तर अशीं ३२० माणसें तपासलीं म्हणजे एकाचा मृत्यु टळतो. हा आकडा कोणाला लहान वाटेल. पण कर्करोगाच्या इतर मान्यताप्राप्त तपासण्यांशीं तुलना करतां तो उणा नाहीं. नेदरलँड्स व बेल्जियम या देशांनीं मिळून केलेल्या दुसऱ्या मोठ्या प्रयोगाचा निकाल २०२० सालीं आला. त्यांत दहा वर्षांच्या अवधींत पुरुषांमधील मृत्यु २४ टक्क्यांनीं कमी झालेले आढळले.

या तपासणीला दुसरी बाजू आहे व ती झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. अमेरिकेच्या प्रयोगांत दर १०० स्कॅनांपैकीं सुमारें २४ मध्यें कांहींतरी संशयास्पद दिसलें, आणि अशा संशयितांपैकीं ९६ टक्क्यांहून अधिक संशय अखेर निराधार ठरले. जुन्या संसर्गाचा वण, निरुपद्रवी गांठ, असें तें असावयाचें. पण तें ठरेपर्यंत त्या घरांतील जेवण कोणाला गोड लागलें असेल! युरोपीय प्रयोगांत गांठीची रुंदी न मोजतां तिचें घनफळ मोजण्याची व ती किती वेगानें वाढते हें पाहण्याची रीत वापरली, तेव्हां असे संशय दर १०० स्कॅनांमागें सुमारें २ वर आले. तरीही कांहीं गांठी अशा असतात कीं त्यांनीं जन्मभर त्रास दिला नसता, आणि त्या केवळ दिसल्या म्हणून कापल्या जातात. ही तपासणी सरसकट सर्वांस करावयाची नाहीं, ज्यांस धोका खरोखर मोठा आहे त्यांसच करावयाची, असा जो नियम सर्व देशांत आहे तो याच कारणास्तव.

येथपर्यंतची कथा शास्त्राच्या नेहमींच्या विजयकथेसारखी आहे. घोटाळा आहे तो यापुढें. उपाय सिद्ध झाला, यंत्र तयार झालें, पैसे कोणीं द्यावयाचे तेंही ठरलें. आणि मग ज्यांच्यासाठीं हा सारा खटाटोप, तीं माणसें आलींच नाहींत.

अमेरिकेंत तेथील अधिकृत वैद्यकीय मंडळानें २०१३ सालीं या तपासणीची शिफारस केली. २०१५ पासून वृद्धांच्या सरकारी विमा योजनेनें तिचा खर्च उचलला. २०२१ सालीं पात्रतेची मर्यादा उतरवून वय ५० वर्षें व धूम्रपान २० पेटी-वर्षें अशी केली. इतकें होऊनही पहिलीं कित्येक वर्षें पात्र माणसांपैकीं शंभरांत दहाही येत नसत, आणि २०२२ सालीं हा आंकडा १८ च्या आसपास पोंचला. त्याच देशांत स्तनांच्या क्ष-किरण तपासणीला पात्र स्त्रियांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश जातात. अमेरिकेच्या पद्धतींत कांहीं दोष उघड आहेत. पेट्यांचा हिशेब डॉक्टरांनीं रोग्याच्या आठवणीवरून करावयाचा, नफ्यातोट्याची चर्चा करण्यासाठीं एक भेट निराळी घ्यावयाची, मग दुसरीकडे चिठ्ठी द्यावयाची. या तीन दारांपैकीं एकही अडलें तर माणूस परत घरीं. शिवाय ओढल्या सिगारेटींचा खरा आंकडा सांगतांना कोणाचीही जीभ जरा आंखडतेच.

पण केवळ कागदपत्रांचा जांच हें कारण असतें तर इंग्लंडांत चित्र निराळें दिसलें असतें. तेथें १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा आहे. डॉक्टरांची फी नाहीं, स्कॅनचा आकार नाहीं. तेथील पहिल्या मोठ्या प्रयोगासाठीं ५० ते ७५ वर्षें वयाच्या २,४७,३५४ लोकांस घरीं प्रश्नपत्रिका पाठविली. होकारार्थी उत्तर आलें तें ७५,९५८ जणांचें, म्हणजे शंभरांत तीसांचें. त्याहून बोलका भाग असा कीं, अद्याप सिगारेट ओढणारे व गरीब वस्त्यांत राहणारे, म्हणजे ज्यांच्या छातींत गांठ सांपडण्याचा संभव सर्वांत अधिक, तेच उत्तर देण्यांत सर्वांत मागें होते. ज्युलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधील खाणकामगारांच्या डॉक्टरानें १९७१ सालीं एका लेखांत हें दुखणें ओळखून ठेविलें होतें. चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज जेथें अधिक तेथें ती कमी मिळते, या त्याच्या सिद्धांताला त्यानें 'उलट्या काळजीचा नियम' म्हटलें. सेवा फुकट केली म्हणजे हा नियम रद्द होतो असें नाहीं, हें या प्रश्नपत्रिकेनें दाखविलें.

हीं माणसें कां येत नाहींत? सुशिक्षित घरांत या प्रश्नाला एक झटपट उत्तर मिळतें: अज्ञान. परंतु इंग्लंडांतील संशोधकांनीं अशा स्त्रीपुरुषांशीं बसून बोलून जीं उत्तरें टिपलीं तीं पाहतां अज्ञान फार तर थोड्या भागाला पुरतें. धूम्रपानानें कर्करोग होतो हें सिगारेट ओढणाऱ्याला दुसऱ्या कोणाहूनही चांगलें ठाऊक असतें. तें त्याच्या हातांतल्या पेटीवरच छापलेलें असतें. ठाऊक असल्यामुळेंच तो येत नाहीं. इतकीं वर्षें ओढली, व्हायचें तें होऊन गेलें असेल, आतां कशाला बघायचें, असें त्याचें मन म्हणतें. या रोगानें आपला बाप व चुलता गेलेला त्यानें पाहिलेला असतो. दोघेही निदानानंतर थोड्याच महिन्यांत गेले. त्याच्या अनुभवांत 'रोग सांपडणें' याचा अर्थ 'मरणें' हाच आहे. लवकर सांपडला तर कापून काढतां येतो, असा शेजारी त्यानें पाहिलेलाच नाहीं. मग पत्रकांतील वाक्यावर त्यानें विश्वास कां ठेवावा?

आणि याच्या तळाशीं लाज असते. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईकडे लोक कळवळ्यानें पाहतात. फुप्फुसाचा झालेल्याला पहिला प्रश्न येतो, 'सिगारेट ओढत होतां?' प्रश्न साधा, पण त्यांत निकाल दिलेला असतो. ही बोलणी ऐकण्यासाठीं आपण होऊन रुग्णालयांत कोण जाईल! वास्तविक हा निकाल न्यायाचाही नाहीं. १९४८ सालीं ब्रिटनमधील दर १०० पुरुषांपैकीं ८२ कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखू ओढीत असत. रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचा धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारा निबंध १९५० सालीं छापला गेला, तरी ब्रिटिश टेलिव्हिजनवर सिगारेटींच्या जाहिराती १९६५ पर्यंत चालू होत्या. १९४६ सालीं जन्मलेल्या गिरणी-कामगाराच्या मुलानें पंधराव्या वर्षीं पहिली सिगारेट पेटविली तेव्हां बाप, फोरमन, सिनेमांतला नायक आणि पुष्कळदां खुद्द डॉक्टरही ओढीत होता. साऱ्या समाजानें मिळून लावलेल्या संवयीचें प्रायश्चित्त एकट्यानें घ्यावें, असें म्हणणें सोपें आहे इतकेंच. शिवाय या रोगाच्या दर शंभर रोग्यांत कांहींजण असे असतात कीं ज्यांनीं जन्मांत तंबाखूला स्पर्श केलेला नाहीं. पाहुण्यांचा तो पहिला प्रश्न त्यांनाही चुकत नाहीं.

या पार्श्वभूमीवर मँचेस्टरचा प्रयोग पाहण्यासारखा आहे. मँचेस्टर हें एके काळीं कापडाचें शहर. मुंबईच्या गिरण्यांतील पुष्कळशी यंत्रसामग्री त्याच मुलखांतून आलेली. गिरण्या गेल्या, वस्त्या उरल्या. त्या शहराच्या गरीब भागांत २०१६ सालीं डॉक्टरांनीं उलटा मार्ग धरला. माणसांनीं रुग्णालयांत यावें असें न म्हणतां त्यांनीं स्कॅनचें यंत्र एका मोठ्या गाडींत बसविलें, आणि ती गाडी बाजाराच्या आवारांत, जेथें लोक भाजीपाला व किराणा घेण्यास येतात तेथें, नेऊन उभी केली. ५५ ते ७४ वर्षें वयाच्या, कधीं काळीं धूम्रपान केलेल्या माणसांना त्यांच्या नेहमींच्या डॉक्टरांच्या दवाखान्यांतून पत्र गेलें. पत्रांत 'फुप्फुसांच्या आरोग्याची तपासणी' असें म्हटलें होतें. तेथें परिचारिका बसलेली. ती श्वासाची ताकद मोजी, चार प्रश्न विचारी, त्यांवरून पुढील सहा वर्षांत कर्करोग होण्याचा संभव किती याचें गणित करी, आणि संभव ठराविक मर्यादेहून अधिक निघाला तर तेथल्या तेथें, त्याच फेरींत, स्कॅन होई. दुसरी चिठ्ठी नाहीं, दुसरी तारीख नाहीं, दुसरी बस नाहीं.

पहिल्या फेरींत २,५४१ माणसें आलीं, आणि त्यांतील चारांपैकीं तीन देशांतील सर्वांत दरिद्री गणल्या जाणाऱ्या वस्त्यांतील होतीं. एरव्हीं जीं येत नाहींत म्हणून ओरड असते तींच हीं माणसें. १,३८४ जणांचें स्कॅन झालें व त्यांपैकीं ४२ जणांत मिळून ४६ कर्करोग सांपडले; म्हणजे दर ३३ माणसांमागें एक. यांतील ८० टक्के पहिल्या किंवा दुसऱ्या अवस्थेंतले होते. त्यांतील एकालाही खोकल्यानें वा रक्तानें अद्याप डॉक्टरांकडे धाडलेलें नव्हतें. बाजाराची पिशवी हातांत धरून आलेल्या माणसांना तेथें कळलें कीं आपल्या छातींत कांहींतरी आहे, आणि तें काढतां येण्याजोगें आहे.

असें यश आलें म्हणजे त्याचें श्रेय कोणत्या युक्तीला द्यावयाचें याविषयीं तर्क सुरू होतात. पत्राची भाषा गोड होती म्हणून लोक आले असावेत, असें पुष्कळांना वाटतें. लिहिणारांना तर विशेष. लंडनमध्यें याचीच परीक्षा झाली. मोटारींची दरसाल जशी सक्तीची तपासणी ब्रिटनमध्यें होते, तशी आपल्या फुप्फुसांची करून घ्या, अशा धाटणीचें सोपें, न घाबरविणारें पत्रक एका गटाला पाठविलें. दुसऱ्याला नेहमींचें माहितीपत्रक. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत २,०१२ जणांना बोलावणें गेलें होतें. दोन्ही गटांत येणारांचें प्रमाण सारखेंच निघालें, शंभरांत त्रेपन्नांच्या आसपास. पत्रक हरलें, पण प्रश्नपत्रिकेच्या वेळीं होकार देणारेच शंभरांत तीस होते, आणि येथें निम्म्याहून अधिक माणसें प्रत्यक्ष आलीं, ही गोष्ट दोन्ही गटांना समान होती. दोघांनाही पत्र आपल्याच डॉक्टरांकडून आलेलें होतें, दोघांनाही भेटीची वेळ आधींच ठरवून दिलेली होती, आणि दोघांनाही बोलावलें होतें तें 'आरोग्य तपासणी'ला. वेळ ठरवून देण्याचा गुण विशेष. 'सवडीनें कळवा' असें म्हटलें कीं भितऱ्या माणसाची सवड कधीं होत नाहीं. 'मंगळवारीं साडेदहाला' म्हटलें म्हणजे न जाण्यासाठीं कांहींतरी करावें लागतें.

मात्र या नांवाच्या युक्तीबद्दल एक शंका उरते, आणि ती योग्य आहे. कर्करोगाचें नांव न घेतां माणसाला आंत बोलवावयाचें व मग त्याच्या छातींत कर्करोग शोधावयाचा, यांत थोडी फसवणूक नाहीं काय? त्यावर असें उत्तर देतात कीं, पत्रासोबतच्या पुस्तिकेंत सारें लिहिलेलें असतें, परिचारिका स्कॅनपूर्वीं फायदातोटा समजावून सांगते, आणि नको म्हणण्याचा हक्क शेवटपर्यंत राहतो. उत्तर पटण्यासारखें आहे; परंतु जो ऐकून घेऊन विचारपूर्वक नको म्हणतो, त्याचा नकार हाही तपासणीच्या यशांतच मोजला पाहिजे. ज्याला मोठें ऑपरेशन सोसणारच नाहीं, इतका ज्याचा श्वास आधींच खालावलेला आहे, त्यानें ही गांठ शोधून काय करावयाचें? आंकडे वाढविण्याच्या भरांत हा विचार मागें पडतो. इंग्लंडांत पुढें या कार्यक्रमाचें नांवच बदललें व त्यांत 'कर्करोग' हा शब्द सरळ घातला, हें बरें झालें.

गाडी घेऊन लोकांच्या दारीं जाण्याची रीत तशी नवीन नाहीं. १९५७ च्या मार्च-एप्रिलमध्यें स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरानें क्षयाविरुद्ध अशीच मोहीम काढली होती. क्ष-किरणांच्या गाड्या पेठोपेठीं फिरल्या, स्वयंसेवक घरोघर गेले, छायाचित्र काढून घेणाराला बिल्ला मिळे व सोडतींत बक्षीस लागण्याची आशा असे. आणि पांच आठवड्यांत सात लक्षांहून अधिक लोकांचीं छायाचित्रें निघालीं. तेव्हांच्या आणि आजच्या मोहिमेंत एक फरक आहे. क्षयासाठीं सारें शहर रांगेंत उभें होतें. कोणाकडे बोट दाखविण्याचें कारण नव्हतें. फुप्फुसाच्या कर्करोगासाठीं मात्र निवडून बोलवावें लागतें, आणि ज्याला बोलावणें आलें त्याला तें कां आलें हें शेजाऱ्यालाही समजतें.

मँचेस्टरसारख्या अनुभवांवरून इंग्लंडच्या आरोग्यसेवेनें २०१९ पासून अशा गाड्या इतर भागांत पाठविण्यास आरंभ केला. २०२२ सालीं ब्रिटनच्या तपासणीविषयक राष्ट्रीय समितीनें शिफारस केली, २०२३ च्या जूनमध्यें सरकारनें सर्व इंग्लंडभर कार्यक्रम पसरविण्याचें जाहीर केलें, आणि २०३० पर्यंत प्रत्येक पात्र माणसाला बोलावणें पोंचावें असा बेत आहे. या कार्यक्रमांत सांपडलेल्या कर्करोगांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश पहिल्या दोन अवस्थांतले असतात. एरव्हीं हें प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होतें. दक्षिण कोरियानें २०१९ सालीं, तैवाननें २०२२ सालीं आपापले राष्ट्रीय कार्यक्रम चालू केले. तैवानमध्यें धूम्रपान न करणारे, पण घरांत हा रोग होऊन गेलेले, अशांसही बोलावतात.

तपासणीस गेल्यामुळें 'आपल्याला कांहीं नाहीं' म्हणून माणूस निर्धास्तपणें सिगारेट ओढूं लागेल, अशी भीति आरंभीं पुष्कळांना होती. ब्रिटनमधील प्रयोगांत तसें झालें नाहीं. उलट तपासलेल्यांत सिगारेट सोडणारांचें प्रमाण न तपासलेल्यांपेक्षां अधिक भरलें. गाडींतच सिगारेट सोडविण्यास मदत करणारा कोणी बसलेला असावा, अशी व्यवस्था म्हणूनच कित्येक ठिकाणीं करण्यांत आली.

भारतांत फुप्फुसाच्या कर्करोगाची राष्ट्रीय तपासणी नाहीं, आणि ती जशीच्या तशी उचलून आणतां येण्यासारखीही नाहीं. २०२२ सालीं येथें या रोगाचे ८० हजारांहून अधिक नवे रोगी झाले असावेत असा अंदाज आहे. पण जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें एक-चतुर्थांश याच देशांत आहेत, आणि बऱ्या झालेल्या क्षयाचा वण स्कॅनमध्यें गांठीसारखा दिसतो. अमेरिकेंत जे खोटे संशय शंभरांत चोवीस निघाले, ते येथें किती निघतील याचा विचार करूनच पाऊल टाकावें लागेल. बिडी किती ओढली याचा हिशेब पेट्यांत करतां येत नाहीं, आणि धूम्रपान मुळींच न केलेल्या रोग्यांचें प्रमाणही येथें पाश्चात्त्य देशांहून मोठें आहे.

परंतु माणसें यावयाचीं कशीं, या प्रश्नापुरतें उत्तर शोधण्यास मँचेस्टरपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ पासून त्या शहराच्या झोपडवस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी केली. यंत्र नव्हतें, पातळ केलेलें सिरकाम्ल लावून डोळ्यांनीं पाहणें, एवढीच चाचणी. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या व या कामासाठीं तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. त्या प्रथम वस्तींत जाऊन बायकांशीं बोलत, मग तपासणी होई, आणि दोन-दोन वर्षांनीं अशा चार फेऱ्या झाल्या. तपासणीच्या गटांत ७५ हजारांवर स्त्रिया होत्या. या रोगाचे मृत्यु त्यांच्यांत ३१ टक्क्यांनीं कमी झाले, असा निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. बोलावलेल्या दर १०० स्त्रियांपैकीं ८९ जणी तपासणीला आल्या. ज्यांच्यांत कांहीं संशयास्पद आढळलें व पुढील निदानासाठीं ज्यांना पुन्हां बोलावलें, त्यांच्यांतून मात्र आल्या त्या शंभरांत ७९.